पिंग येतोय, पण मीटर बोलेना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात जुनी मोजमापाची यंत्रं लॅनवरून कॉम्प्युटरला जोडता येतात असं ओझरतं लिहिलं होतं, तेवढ्यावर एवढे प्रश्न आले की हे अख्खं पान त्यालाच द्यावं लागतंय. कॉलेजच्या लॅब, टॉवेल कारखान्यांच्या टेस्टिंग रूम, एमआयडीसीतली छोटी युनिटं, सोलापुरात सगळीकडं असलं एखादं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलेलं आहे असं दिसतंय. एक आधीच सांगतो, कमांड आणि पत्ते इथं देवनागरीत छापलेत, मशीनवर टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा. आणि तीन शब्द: पिंग म्हणजे लॅनवरून एखाद्या पत्त्याला 'आहेस का' म्हणून मारलेली हाक, जीपीआयबी म्हणजे मोजमापाची यंत्रं कॉम्प्युटरला जोडायची जुनी केबलची पद्धत, व्हिसा म्हणजे प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामधलं दुभाषा सॉफ्टवेअर.

प्रश्न : नमस्कार सर. मी एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स लॅबला असिस्टंट आहे. आमच्याकडं एचपीचे ३४४०१ए मल्टिमीटर आहेत, जुने पण एकदम चांगले, मागं जीपीआयबीचा रुंद सॉकेट. आधीच्या कॉम्प्युटरात जीपीआयबी कार्ड होतं, तो कॉम्प्युटर गेला, नवीन विंडोज ११ वाल्यात ते कार्ड बसतच नाही म्हणून लॅनवर चालणारा जीपीआयबी कंट्रोलर घेतलाय. ड्रायव्हर टाकला, व्हिसा टाकलं, कंट्रोलरला १९२.१६८.१.५० आयपी दिला. पिंग येतोय, ब्राउझरमध्ये त्याचं पान पण उघडतंय. पण सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन केलं की मीटर दिसतच नाही, कधी दिसला तर रीडिंग मागितलं की टाइमआउट, वर −१०७३८०७३३९ असला काहीतरी नंबर. लय दिवस झाले करायलोय, काय होईना. आता विंडोज परत टाकू का?
— लॅब असिस्टंट, विजापूर रोड

उत्तर : विंडोज परत टाकू नका ओ, अर्धा दिवस जाईल आणि मीटर तसाच गप्प बसेल.

तुमचा पिंग बरोबर आहे, ते ब्राउझरचं पानही बरोबर आहे, पण त्या दोन्हीतून एवढंच कळतंय की कॉम्प्युटर बॉक्सपर्यंत, म्हणजे त्या लॅन कंट्रोलरपर्यंत, पोचला. मीटर त्या बॉक्सच्या पलीकडं आहे. पटत नसेल तर बॉक्सची जीपीआयबी केबल काढून टाका आणि पिंग मारा, तरी येईल. ऑफिसच्या बोर्ड नंबरला फोन लागला म्हणजे आतल्या एक्स्टेंशनवरच्या माणसानं उचलला असं होत नाही ना, तसलाच प्रकार आहे हा. १९२.१६८.१.५० हा बोर्ड नंबर, आणि मीटरचा स्वतःचा जीपीआयबी ॲड्रेस, ० ते ३० मधला एक आकडा, हे त्याचं एक्स्टेंशन. एचपीनं १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी स्वतःच्या यंत्रांसाठी जीपीआयबीची ही बस, म्हणजे सगळ्या यंत्रांची सामाईक वाट, काढली, १९७५ ला ती आयट्रिपलई ४८८ या नावानं स्टँडर्ड झाली, म्हणजे आपल्याकडं ऑफिसात लॅन यायच्या कितीतरी आधीची गोष्ट, त्यामुळं मीटरला आयपी वगैरे काही माहीतच नाही. बॉक्स एका बाजूनं लॅन घेतो आणि दुसऱ्या बाजूला ते जुनं चोवीस पिनांचं बोलतो, बस्स.

म्हणून शोधायला सुरुवात मीटरपासून करा, कॉम्प्युटरपासून नाही. बहुतेक लोक उलटं करतात, कारण खुर्ची कॉम्प्युटरसमोर असते.

३४४०१ए वर शिफ्ट दाबून मेनूत शिरा आणि आय-ओ मेनूपर्यंत सरकत जा. तिथं पहिलं बघायचं ते ॲड्रेस. फॅक्टरीतून २२ येतो, पण कॉलेजातल्या मीटरचा कुणीतरी कधीतरी बदललेला असतोच, दोन मीटर एकदम जोडायचे होते म्हणून एकाला २३ केलेलं असतं आणि करणारा माणूस बदली होऊन गेलेला असतो. मग इंटरफेस बघा. या मीटरला मागं आरएस-२३२, म्हणजे सिरीयल पोर्ट, पण आहे आणि दोन्हीपैकी एकच चालू राहतं, कुणी सिरीयल केबलनं वापरून तसाच ठेवला असेल तर जीपीआयबीवर तो ढिम्म हलणार नाही, एररसुद्धा दाखवणार नाही. मग लँग्वेज, तिथं एससीपीआय, म्हणजे यंत्रांची ठरलेली कमांड-भाषा, पाहिजे, कारण या मीटरला फ्लूकच्या आणि एचपीच्याच जुन्या मॉडेलसारखं वागायची सोय पण दिलेली आहे आणि त्यात अडकून राहिला तर तुमच्या कमांड त्याच्या डोक्यावरून जाणार. ॲड्रेस ३१ दिसला तर तोही बदला, ते टॉक ओन्ली आहे, म्हणजे सरळ प्रिंटरला रीडिंग पाठवायचा मोड, त्यात मीटर कंट्रोलरचं ऐकतच नाही.

केबलचं पण बघून घ्या. जीपीआयबीच्या केबली एकावर एक चढवता येतात, छान सोय आहे, पण त्या उंच थप्पीच्या वजनानं खालचा सॉकेट एका बाजूला झुकतो आणि कॉन्टॅक्ट सुटतो, स्क्रू हातानं नीट आवळा. स्क्रू काळे असतील तर मेट्रिक आट्यांचे, चंदेरी असतील तर जुने इंची आट्यांचे, काळा स्क्रू चंदेरीच्या जागी पिळत बसू नका, आटे जातात. एका बसवर कंट्रोलर धरून १५ यंत्रं, एकूण केबल २० मीटर, किंवा दर यंत्रामागं २ मीटर, दोन्हीतलं जे कमी भरेल ते. आणि बसवर जोडलेली पण बंद ठेवलेली यंत्रं लाइन खाली ओढतात, निदान दोन तृतीयांश तरी चालू पाहिजेत. टेबलावर सहा यंत्रं जोडलेली आणि वीज वाचवायला पाच बंद, हे मी कॉलेजात कितीतरी वेळा बघितलंय. तपासताना तर एकच मीटर, एकच केबल, बाकी सगळं काढून बाजूला ठेवा.

आता गंमत बघा. या मीटरच्या डिस्प्लेवर खाली बारीक अक्षरात ॲडर्स आणि आरएमटी असे दोन इंडिकेटर असतात, ते कुणी बघतच नाही. कॉम्प्युटरवरून *आयडीएन? पाठवा, म्हणजे 'तू कोण' असं विचारा, आणि त्या वेळी मॉनिटरकडं नाही तर मीटरकडं बघत रहा. ॲडर्स उजळला म्हणजे हाक मीटरपर्यंत पोचली, आता भांडण कमांडचं किंवा वेळेचं आहे. उजळलाच नाही तर ॲड्रेस, केबल किंवा बॉक्सची सेटिंग. या एका दिव्यानं तुमचं निम्मं काम होतं. आरएमटी लागल्यावर पुढची बटणं चालेनाशी होतात, घाबरू नका, शिफ्ट दाबलं की मीटर परत लोकलला येतो. सगळं नीट असेल तर उत्तरात कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि फर्मवेअर असे स्वल्पविरामानं तोडलेले चार भाग येतात, आणि ३४४०१ए मध्ये सीरियल नंबरच्या जागी नुसतं ० येतं, तो बिघाड नाही.

ॲडर्स उजळत नसेल तर बॉक्सकडं या, आणि इथंच खरा घोळ असतो, कारण बाहेरून सारखे दिसणारे हे बॉक्स आतून तीन वेगवेगळ्या पद्धतीनं बोलतात आणि एकाची पद्धत दुसऱ्याला चालत नाही. काही बॉक्स स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतात, नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचे तसे आहेत, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये बॉक्सला जीपीआयबी० किंवा जीपीआयबी१ असं नाव द्यावं लागतं, मग विंडोजला वाटतं की आपल्यात कार्डच बसलंय आणि जुना प्रोग्राम काही न बदलता चालतो. ते नाव द्यायचं राहिलं तर पिंग येऊनसुद्धा स्कॅनमध्ये काही दिसणार नाही. दुसरे व्हीएक्सआय-११ (लॅनवरून यंत्रांशी बोलायची एक ठरलेली पद्धत) वाले, ॲजिलेंटचा ई५८१०ए त्यातला, यांना व्हिसामध्ये पूर्ण पत्ता द्यायचा असतो, टीसीपीआयपी०::१९२.१६८.१.५०::जीपीआयबी०,२२::इन्स्ट्र असा, यात तो स्वल्पविराम आणि २२ विसरलात तर तुम्ही बॉक्सशीच गप्पा मारत बसता. तिसरे प्रोलॉजिक्ससारखे स्वस्त बॉक्स, ते १२३४ नंबरच्या पोर्टवर साधं टीसीपी बोलतात आणि ++ नं सुरू होणाऱ्या कमांड स्वतःसाठी ठेवून घेतात, बाकीचं सगळं मीटरला पुढं ढकलतात. तिथं पुटीसारख्या टर्मिनलमध्ये रॉ मोडला ++मोड १, ++ॲडर २२, ++ऑटो ० एवढं टाइप करायचं, मग *आयडीएन?, मग ++रीड ईओआय, की उत्तर समोर. हा बॉक्स जीपीआयबी कार्ड असल्याचं सोंग घेत नाही, त्यामुळं जीपीआयबी० शोधणारा जुना प्रोग्राम त्याच्यावर तसाच चालेल ही अपेक्षाच ठेवू नका. तुमचा बॉक्स यातला कुठला ते पत्रात लिहिलेलं नाही, बॉक्सच्या मॅन्युअलच्या पहिल्या दोन-तीन पानांत असतं.

काही बॉक्सच्या ब्राउझरच्या पानावरच जोडलेली यंत्रं शोधायची आणि त्यांना कमांड पाठवायची सोय असते. तुमच्यात असेल तर तिथून *आयडीएन? पाठवा. तिथं उत्तर आलं तर मीटर, केबल आणि बॉक्स तिन्ही सुटले, उरला फक्त कॉम्प्युटर.

कॉम्प्युटरवर आधी फायरवॉल. लॅन केबल सरळ बॉक्सला लावली की विंडोज त्या नेटवर्कला पब्लिक समजतं आणि दारं लावून घेतं. स्कॅन करताना सॉफ्टवेअर सगळ्यांना एकदम हाक मारतं, त्याची उत्तरं फायरवॉल अडवते, म्हणून स्कॅन रिकामा येतो, पण पत्ता हातानं टाकला की तेच यंत्र चालतं. नेटवर्क प्रायव्हेट करा, फायरवॉल अख्खी बंद करून ठेवू नका. मधे राउटर किंवा वेगळा सबनेट, म्हणजे नेटवर्कचा वेगळा तुकडा, असेल तर ही हाक पलीकडं जातच नाही, तिथंही पत्ता हातानंच टाकायचा. दुसरं, वायफाय १९२.१६८.१ वर आणि लॅन केबलही १९२.१६८.१ वर असेल तर कुठल्या वाटेनं जायचं यात विंडोज गोंधळतं, आज चालतं उद्या नाही असं होतं, तुमचं 'कधी दिसतो' हे कदाचित त्यातलंच असेल. यंत्रांच्या लॅनला १९२.१६८.५० अशी वेगळी रेंज द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेची जागा रिकामी.

मग व्हिसा. एका कंपनीचं व्हिसा आधी होतं, ऑसिलोस्कोपबरोबर दुसऱ्या कंपनीचं आलं, दोन्ही टाकली, हे आपल्याकडं घरोघरी आहे. दोन्ही एकाच नावाच्या फाइलीवर हक्क सांगतात. एक प्रायमरी, दुसरं सेकंडरी असं इन्स्टॉल करतानाच ठरवा, नाहीतर सरळ एकच ठेवा.

राहिला तो नंबर. −१०७३८०७३३९ म्हणजे टाइमआउट, यंत्रानं वेळेत उत्तर दिलं नाही. −१०७३८०७३४३ असतं तर पत्ताच सापडला नाही असं म्हटलं असतं, म्हणजे तुमची गाडी बरीच पुढं आलेली आहे. व्हिसाची वाट बघायची सवय साधारण २ सेकंदांची. आता हा मीटर साडेसहा आकड्यांच्या स्लो मोडला टाकला की तो एका रीडिंगला विजेच्या लाइनच्या १०० सायकल घेतो, आपली लाइन ५० हर्ट्झ, म्हणजे झाले २ सेकंद, त्यात ऑटोझिरो (दर रीडिंगला स्वतःचं शून्य तपासणं) चालू असेल तर दुप्पट, ४ सेकंद. मीटर प्रामाणिकपणे मोजतोय आणि प्रोग्राम मधेच उठून चाललाय! टाइमआउट १० सेकंद करा, म्हणजे १००००, तो मिलिसेकंदात लिहायचा असतो. मीटरनं बीप देऊन एरर लावला तर सिस्टेम एरर विचारून बघा, −४२० आलं तर तुम्ही प्रश्न न विचारताच उत्तर वाचायला गेलात, कमांडच्या शेवटचं प्रश्नचिन्ह राहिलंय. −११३ आलं तर स्पेलिंग चुकलंय.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. टेस्टिंग रूममध्ये लॅनवाला डेटा लॉगर आहे, तापमान आणि आर्द्रता घेतो, शेडमध्ये तसलाच अजून एक आहे. ज्यानं बसवला त्यानं सॉफ्टवेअरमध्ये आयपी टाकून दिला होता. पण लाइट जाऊन आली की दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर 'नॉट कनेक्टेड' म्हणतंय, आयपी बदललेला असतो. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीनंतर तर दोन्ही हरवले होते. दरवेळी माणूस बोलवायचा का?
— मेंटेनन्स सुपरवायझर, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : माणूस एकदाच बोलवा आणि त्याच्याकडून फिक्स आयपी करून घ्या, का तेही समजून घ्या म्हणजे तो टाळाटाळ करणार नाही.

सध्या तुमचे लॉगर राउटरकडून आयपी मागून घेतात. राउटर तो काही काळापुरता देतो, लॉगर बरेच दिवस बंद राहिला की मुदत संपते आणि तोच आकडा दुसऱ्या कुणाच्या मोबाइलला जातो, सुट्टीनंतर तेच झालंय. लाइट गेल्यावरचं प्रकरण जरा वेगळं आहे. लाइट आली की सगळं एकदम चालू होतं, लॉगर काही सेकंदात उठतो, राउटरला मिनिटभर तरी लागतं, लॉगर आयपी मागतो तेव्हा द्यायला कुणी जागं नसतं, मग तो स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी घेऊन बसतो. तो आकडा कुठंही दिसला की समजायचं, राउटर भेटला नाही. काही यंत्रं नंतर परत विचारतात, काही हट्टानं तशीच बसतात, बंद-चालू करेपर्यंत.

उपाय दोन आहेत. लॉगरच्या सेटिंगमध्ये आयपी कायमचा लिहायचा, पण राउटर जी रेंज वाटतो तिच्या बाहेरचा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर तुम्ही २१० आणि २११ घ्या, आणि लिहायच्या आधी त्या आकड्यांना पिंग मारून बघा, कुणी ओ दिली नाही तरच घ्या. नाहीतर राउटरमध्ये लॉगरच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्याच्या कायमच्या हार्डवेअर नंबरला, आकडा राखून ठेवायचा, हे नीटनेटकं आहे, पण राउटर बदलला की सगळं परत करावं लागतं, आणि आपल्याकडं इंटरनेटवाला बदलला की राउटर बदलतोच. कारखान्यासाठी मी पहिलाच सांगेन. आकडे कागदावर लिहून लॉगरच्या पाठीवर चिकटवा.

शेडमधल्या लॉगरचं जरा जास्त बघा. कॉपरच्या लॅन केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, लांब शेडच्या पार टोकाला जायचं तर ती सहज ओलांडली जाते, शिवाय लूमच्या मोटारच्या केबलबरोबर एकाच पट्टीतून लॅन केबल नेलेली असते, वायरमनला ते सोपं पडतं म्हणून. वेगळी वाट काढा, ओलांडायची तर काटकोनात ओलांडा, अंतर जास्त असेल तर फायबर टाका, हल्ली तेवढं महाग नाही. आणि शेडमधला स्विच उघड्यावर नको. रुईचे बारीक तंतू पोर्टात आणि पंख्यात बसतात, बंद डब्यात बिनपंख्याचा छोटा स्विच ठेवा. राउटर आणि स्विच दोघांना एक लहान यूपीएस लावलात तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

प्रश्न : सर मी एमएस्सी फिजिक्सला आहे, केगावला राहतो. प्रोजेक्टला मीटरची रीडिंग कॉम्प्युटरवर घ्यायची आहेत. सगळे म्हणतात लॅबव्ह्यू लागतं, ते परवडत नाही. दुसरं, एका मित्राच्या पायथन प्रोग्रामनं रीडिंग घेतली तर ग्राफ मधेच एकदम आभाळात जातो, बाकीची सगळी रीडिंग खाली एका रेषेत चपटी. मीटर खराब आहे का?

उत्तर : मीटर खराब नाही रे. मीटर ३४४०१ए असेल किंवा त्याच्या कुळातला असेल तर रेंजच्या बाहेर गेल्यावर तो समोर ओव्हरलोड दाखवतो आणि कॉम्प्युटरला ९.९ई+३७ पाठवतो. म्हणजे नवाच्या पुढं सदतीस आकडे. माणसाला ओव्हरलोड वाचता येतं, प्रोग्रामला हा खराखुरा व्होल्टेज वाटतो, तो इमानदारीत ग्राफवर टाकतो आणि बाकीचे पॉइंट मुंगीएवढे होतात. प्रोग्राममध्ये एक ओळ टाक, १ई+३० पेक्षा मोठं आलं तर ते रीडिंग सोडून दे आणि किती सोडली तेही मोजून ठेव. पण त्याआधी ओव्हरलोड का येतोय ते बघ, बहुतेक वायर हलतेय, किंवा रेंज फिक्स ठेवलीय आणि सिग्नल तिच्यापेक्षा मोठा होतोय.

लॅबव्ह्यू चांगलंच आहे, १९८६ पासून आहे, चित्रं जोडून प्रोग्राम होतो, पण तुझ्या कामाला लागतंच असं नाही. पायथन फुकट, त्यातून व्हिसा वापरायची पायव्हिसा ही लायब्ररी फुकट, आणि कंपनीचं मोठं व्हिसा टाकायचं नसेल तर त्याच्याबरोबर पायव्हिसा-पाय टाक, लॅनवर ते पुरतं. रिसोर्स मॅनेजर उघडायचा, पत्ता देऊन यंत्र उघडायचं, टाइमआउट लिहायचा, क्वेरीनं *आयडीएन? विचारायचं, चार ओळीत पहिलं उत्तर येतं. साधं सॉकेट कनेक्शन, म्हणजे लॅनवर सरळ पोर्ट नंबरशी जोडलेलं, असेल तर ओळ कुठं संपते ते सांगावं लागतं, रीड टर्मिनेशनला \एन दे, नाहीतर उत्तर येऊनसुद्धा प्रोग्राम अजून काही येईल म्हणून वाट बघत बसतो आणि टाइमआउट देतो. याच्यावर पोरांचे आठवडे जातात.

आणि प्रोजेक्ट एप्रिल-मेमध्ये करणार असशील तर अजून एक. या मीटरची वर्षभराची अचूकता २३ अंश, पाच अंश इकडंतिकडं, एवढ्यातच धरलेली असते, तीही तासभर गरम झाल्यावर. आपल्याकडं त्या दिवसात बाहेर ४२ आणि बिनएसीच्या खोलीत ३६ सहज. कॉम्प्युटरवर सहा आकडे दिसतात म्हणून सहाही खरे मानू नकोस, खोलीचं तापमान रीडिंगशेजारी लिहून ठेव. परीक्षक तेच विचारतात.

प्रश्न : आमच्या ऑसिलोस्कोपला स्वतःलाच लॅनचा पोर्ट आहे. त्यालाही तो जीपीआयबी कंट्रोलर घ्यावा लागेल का? दुकानदार घ्या म्हणतोय.
— रिपेअरिंग वर्कशॉप, नवी पेठ

उत्तर : नाही. दुकानदाराला विकायचाय. स्कोपवर एलएक्सआय (लॅनवर चालणाऱ्या यंत्रांचं स्टँडर्ड) असं लिहिलेलं असेल तर उत्तमच, ती पद्धत २००४ पासून यासाठीच सुरू झाली, स्कोपचा आयपी ब्राउझरमध्ये टाका, त्याचं स्वतःचं पान उघडेल. सॉकेटनं बोलायचं तर कीसाइट आणि बऱ्याच कंपन्यांचा पोर्ट ५०२५, रिगोलचा ५५५५. एक साधी लॅन केबल पुरे, नवीन कॉम्प्युटरला क्रॉस केबलसुद्धा लागत नाही.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीत आमचं छोटं टेस्टिंग युनिट आहे. रात्रभर टेस्ट चालते, पॉवर सप्लाय आणि मीटर लॅन कंट्रोलरवर आहेत. पुण्याच्या साहेबांना घरून रीडिंग बघायचं आहे. आमचा मुलगा म्हणतो राउटरमध्ये पोर्ट उघडतो, पाच मिनिटांचं काम आहे. करू द्यावं का?

उत्तर : अजिबात नको. मुलाला सांगा, पाच मिनिटांचंच काम आहे म्हणून जास्त भीती आहे.

या कंट्रोलरची रचना बंद लॅबसाठी केलेली आहे. १२३४ किंवा ५०२५ पोर्टवर जो येईल त्याला तो नाव-गाव, पासवर्ड काही विचारत नाही, कमांड आली की पुढं पाठवतो. इंटरनेटवर अखंड पोर्ट चाचपत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यातल्या एकानं जरी उलटंसुलटं काही पाठवलं तरी तुमच्या पॉवर सप्लायचं आउटपुट काय करेल सांगता येत नाही, आणि रात्री शेडमध्ये कुणी नसतं. साहेबांना रीडिंग बघायचंय ना, हात घालायचा नाहीये, मग प्रोग्रामला रीडिंग फाइलमध्ये लिहू द्या आणि ती फाइल दर काही मिनिटांनी क्लाउड ड्राइव्हवर जाऊ द्या, साहेब मोबाइलवर बघतील. खरंच चालवायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खासगी बंद वाट, आणि व्हीपीएनमधून तुमच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप. कंट्रोलरला बाहेरून सरळ रस्ता द्यायचाच नाही.

रात्रभराच्या टेस्टसाठी सेटिंगही बघून ठेवा, कारण सकाळी येऊन बघितलं तर टेस्ट पहाटेच थांबलेली, असं तुमचंही होणार आहे. कॉम्प्युटरची स्लीप बंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्या' अशा अर्थाची टिक असते ती काढा. विंडोज अपडेटचे ॲक्टिव्ह अवर्स लावा, पण त्यात २४ तास देता येत नाहीत, १८ च मिळतात, म्हणून टेस्टच्या आधी अपडेट पॉजच करा. आणि प्रोग्राममध्ये कनेक्शन तुटलं तर परत जोडायची सोय असू द्या, जोडल्यावर सगळ्यात आधी पॉवर सप्लायचं आउटपुट कुठल्या अवस्थेत आहे ते विचारायला लावा, मगच पुढची पायरी.